परकी संस्कृती : एका तबकडीचा इतिहास

कव्वालीवर लेख लिहितो आहोत असे सांगितले की घरचे मान डोलावतात. मुशायऱ्यावर, शाहिरीवर, मोहरमच्या गाण्यांवर लिहितो म्हटले तरी कोणाला नवल वाटत नाही. यंदा पंक रॉकवर लिहायला घेतले आहे असे आम्ही सांगितले तेव्हा मात्र सगळे हसले. 'तो गोंगाट?' असा प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे. तो गोंगाटच आहे. पण त्या गोंगाटात एकदा तीन मुसलमान पोरे उभी राहिली होती. त्यांनी दोन गाण्यांची एकच तबकडी काढली आणि दोनेक वर्षांत आपला बँड मोडून टाकला. ती तबकडी निघाली १९८० साली. आज चार दशकांनंतरही इंग्लंड-अमेरिकेतले संगीताचे अभ्यासक आणि शौकीन तिचा शोध घेत असतात. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

बँडचे नाव 'एलियन कल्चर'. इंग्रजीत कल्चर लिहिताना 'सी'ऐवजी मुद्दाम 'के' घातलेला. मराठीत सांगायचे तर 'परकी संस्कृती'. गाणारा परवेझ बिलग्रामी, बेस गिटार वाजवणारा औसाफ अब्बास आणि ड्रम वाजवणारा अझहर राणा. तिघेही पाकिस्तानातून विलायतेत गेलेल्या कुटुंबांतले, दक्षिण लंडनमध्ये वाढलेले. बिलग्रामी हे आडनाव उत्तर प्रदेशातल्या बिलग्राम गावाचे. म्हणजे गाव एका देशात, कुटुंब दुसऱ्या देशातले आणि पोरगा तिसऱ्या देशात. त्यांच्या जोडीला चौथा होता ह्यू जोन्स. तो गोरा, गिटार वाजवणारा. चौघे १९७९ मध्ये एकत्र आले.

हे नाव त्यांनी का घेतले ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला माणसे हवी होती. कापडगिरण्या, लोखंडाचे कारखाने, बसगाड्या, इस्पितळे यांना हात कमी पडत होते. पंजाब, मीरपूर, सिल्हेट, गुजरात इथून माणसे गेली. आमच्या कोकणातूनही गेली. रत्नागिरी-रायगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी होती, त्यांतली काही बंदरात उतरली ती परत चढलीच नाहीत. आमच्या नात्यातले एक मामू असेच तिकडे राहिले. सुट्टीत गावी आले की चॉकलेटचे डबे आणि गरम कपडे आणायचे. तिथल्या हकिगती मात्र फारशा सांगत नसत. एकदाच, जेवणानंतर पान लावता लावता ते म्हणाले की, ७८-७९ च्या सुमारास कारखान्याची रात्रपाळी सुटल्यावर आम्ही तिघे-चौघे मिळूनच घरी जायचो, एकट्याने रस्त्यावर निघायचे नाही असा नियम होता. कशाला, असे आम्ही विचारले. 'पाकी म्हणून मारायचे,' मामू म्हणाले. 'पण मामू, तुम्ही तर रत्नागिरीचे!' त्यावर ते नुसते हसले. शिवी देणारा पासपोर्ट पाहत नाही. शीख असो, बंगाली असो, गुजराती हिंदू असो, कोकणी मुसलमान असो, तिथे सगळे 'पाकी'च. हा शब्द जरा वेगळ्या संदर्भात आमच्या वाचकांच्याही कानावरून गेलेला आहे, त्यामुळे तो अधिक समजावून सांगायला नको.

१९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये भाषण करून, बाहेरून आलेल्या या माणसांमुळे देशात रक्तपात होईल असे भाकीत केले. त्याच्या पक्षाने त्याला जबाबदारीच्या पदावरून काढले, पण त्याच्या बाजूने गोदी कामगारांचे मोर्चे निघाले. त्या सुमारास 'नॅशनल फ्रंट' नावाचा पक्ष वाढत होता. बाहेरच्यांना परत पाठवा, एवढाच त्याचा कार्यक्रम. १९७७ मध्ये लंडनच्या निवडणुकीत या पक्षाला सुमारे १ लाख १९ हजार मते पडली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७६ च्या जूनमध्ये साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाला भररस्त्यात भोसकून मारले होते. १९७८ च्या मे महिन्यात पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली हा कपड्याच्या कारखान्यात काम करणारा तरुण बंगाली कामावरून घरी जाताना मारला गेला. त्याची शवपेटी घेऊन हजारो माणसे पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेली. तो जिथे पडला त्याच्या शेजारच्या बागेला १९९८ मध्ये त्याचे नाव दिले गेले.

या दोन खुनांच्या मध्ये, १९७८ च्या जानेवारीत, मार्गारेट थॅचरबाईंची दूरदर्शनवर मुलाखत झाली. तेव्हा त्या विरोधी पक्षनेत्या होत्या. शतक संपेपर्यंत पाकिस्तान आणि नव्या राष्ट्रकुलातून आलेली ४० लाख माणसे या देशात असतील, आणि आपला देश वेगळ्या संस्कृतीच्या लोकांखाली बुडून जाईल अशी भीती लोकांना वाटते आहे, अशा आशयाचे त्या बोलल्या. बाईंनी शब्द वापरला होता 'वेगळी' संस्कृती. ज्यांच्याबद्दल त्या बोलत होत्या त्यांना तो 'परकी' असाच ऐकू आला. ऐकणाऱ्यांचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. वर्षभराने बाई पंतप्रधान झाल्या आणि नॅशनल फ्रंट त्या निवडणुकीत पार आपटला. फ्रंटची मते कुठे गेली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तर दक्षिण लंडनमधल्या या पोरांनी ठरवले की, आम्हाला परकी संस्कृती म्हणता ना, मग तेच आमचे नाव.

इथे आम्हाला पाचगणी आठवते. तिथल्या शाळेत फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकला. तिथेच त्याने दोस्तांबरोबर आपला पहिला बँड काढला. पुढे तो विलायतेत गेला आणि फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. त्याच्या गळ्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे, आणि नाव बदलणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये मंचावर चढायचे तर फारुख हे नाव खाली ठेवून चढणे सोयीचे होते, हेही खरे. या पोरांनी उलटे केले. परवेझ, औसाफ, अझहर ही नावे तशीच ठेवली आणि वर शिवीलाच पाटी करून टांगले.

पण त्यांनी पंकच का निवडले? घरी गझला होत्या, नूरजहाँ होती, लता-रफी होते. लग्नसमारंभांत भांगडा वाजवणारे बँड होते. त्यांपैकी काही का नाही?

पंक म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे. १९७६ च्या आसपास लंडनमध्ये बेकार पोरांनी एक नवी तऱ्हा सुरू केली. तोवरचे रॉक संगीत फार श्रीमंत झाले होते. महागडी वाद्ये, दहा-दहा मिनिटांची गाणी, विमानाने फिरणारे गायक. पंकवाल्यांनी सांगितले की, गिटारवरचे तीन कॉर्ड आले की पुरे, उद्यापासून बँड काढा. गाणे दोन-अडीच मिनिटांचे. सूर लागला नाही तरी चालेल, बोलायचे ते मोठ्याने बोला. कंपनीच्या दारात जाऊ नका, तबकडी स्वतः काढा. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने ५०० पौंड उसने घेऊन १९७७ च्या जानेवारीत १००० प्रती स्वतः काढल्या आणि दाखवून दिले की हे जमते. पंकची मासिकेही तशीच. टंकलेखन करायचे, कात्रणे चिकटवायची, झेरॉक्स काढायच्या आणि हातोहात विकायच्या. ज्यांनी साठीतली मुंबईची लघुनियतकालिके पाहिली आहेत, सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लागलेली ज्यांना आठवते, त्यांना हा प्रकार मुळीच परका वाटणार नाही. प्रस्थापित मासिके छापत नाहीत, तर आपणच काढू, ही तीच जिद्द. भाषा शिवराळ म्हणून नाके मुरडणारेही तसेच.

गझलेला उस्ताद लागतो, रियाज लागतो, घराण्याची परवानगी लागते. पंकला राग आला की पुरे. या पोरांकडे राग होता.

मात्र पंकचे घर काही त्यांच्यासाठी सजवून ठेवलेले नव्हते. सुरुवातीच्या काही पंकवाल्यांनी केवळ लोकांना चिडवायचे म्हणून नाझींचे स्वस्तिक अंगावर मिरवले. काही बँडच्या जलशांना डोकी भादरलेली, फ्रंटची घोषणा देणारी टोळकी येत. क्लॅश हा बँड वंशवादाच्या ठाम विरोधात होता, पण त्यांचे पहिलेच गाणे गोऱ्या पोरांना उद्देशून होते. काळी पोरे पोलिसांशी भिडतात, तुम्ही का गप्प, असा त्याचा रोख. काळे आले, गोरे आले. मधल्या रंगाचे आम्ही कुठे? 'एशियन यूथ' हे एलियन कल्चरचे गाणे त्याच प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्ही मानतो. त्यांनी तसे ठरवून लिहिले होते असा आमचा दावा नाही.

या घरात त्यांना शिरायला दार मिळाले ते 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या चळवळीमुळे. तिचा जन्म झाला एका संतापातून. १९७६ च्या ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन या नामांकित गिटारवादकाने बर्मिंगहॅमच्या मंचावरून पॉवेलची तरफदारी केली आणि बाहेरच्यांना हाकला असे दारूच्या नशेत बरळला. ज्याने काळ्या लोकांचे ब्लूज वाजवून नाव कमावले त्यानेच हे बोलावे! रेड साँडर्स हा छायाचित्रकार आणि त्याच्या मित्रांनी संगीताच्या साप्ताहिकांना जळजळीत पत्र पाठवले, त्यातून ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गार चौकातून निघालेला तिचा मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचला तेव्हा ८० हजारांहून जास्त माणसे जमली होती असे सांगतात. क्लॅश गायले, कृष्णवर्णीयांचा 'स्टील पल्स' गायला, 'एक्स-रे स्पेक्स' गायला. या शेवटच्या बँडची गायिका पॉली स्टायरीन हिचे वडील सोमाली होते, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची. पुढे ती हरे कृष्ण पंथात गेली. माणसे कुठून कुठे जातात ते पाहिले की वंशशुद्धीवाल्यांची कीव येते.

अल्ताब अलीचा खून झाला तो या जलशानंतर चारच दिवसांनी. गाण्याने खून थांबत नाहीत, हे त्या पिढीला लगेच कळले.

पुढच्या वर्षी, १९७९ च्या फेब्रुवारीत, आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रात आली. लग्नासाठी विलायतेत आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली होती. लग्नासाठी येणारी मुलगी कुमारिका असणारच, नसेल तर ती खोटे बोलते, असे सरकारी तर्कशास्त्र. मग एप्रिलच्या २३ तारखेला साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटची सभा ठेवली गेली. आशियाई वस्तीच्या मधोमध, नगरभवनात, पोलिसांच्या बंदोबस्तात. विरोध करायला उतरलेल्यांवर लाठ्या चालल्या आणि ब्लेअर पीच हा न्यूझीलंडचा गोरा शिक्षक डोक्यावर फटका बसून मेला. पोलिसांचा अंतर्गत अहवाल ३१ वर्षे कुलपात होता. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा, पोलिसाच्याच हातून हा फटका बसला असावा, असे त्यात लिहिलेले निघाले. खटला कोणावरच झाला नाही.

या वर्षी एलियन कल्चर उभा राहिला. त्यांनी सगळे मिळून तीसेक कार्यक्रम केले. त्यांत चळवळीचे जलसे बरेच. १९८० मध्ये रॉक अगेन्स्ट रेसिझमच्याच छापावर त्यांची तबकडी निघाली. एका बाजूला 'एशियन यूथ', दुसऱ्या बाजूला 'कल्चर क्रॉसओव्हर'. ध्वनिमुद्रण खडबडीत आहे. गिटार कर्कश, ड्रम धावत सुटलेला, गायकाचा आवाज गाण्यापेक्षा भांडणाकडे जास्त झुकणारा. प्रथम ऐकताना आम्हीही दोन्ही बाजू पूर्ण ऐकू शकलो नव्हतो, हे कबूल करतो.

मग या तबकडीत आहे तरी काय? आमच्या मते त्यांचे वेगळेपण असे की, ही पोरे एकाच वेळी दोन दिशांना बोलली. वंशवाद्यांना तर ती बोललीच. त्यांची काही गाणी पोलीस, विमानतळ, रस्ता यांबद्दल होती. पण त्याच मंचावरून ती आपल्या घरालाही बोलली. त्यांच्या एका गाण्याचे नावच 'अरेंज्ड मॅरेज'. 'कल्चर क्रॉसओव्हर'मध्ये दोन संस्कृतींच्या मधल्या चौकात उभ्या असलेल्या पोरांची घुसमट आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. अब्बांना मुलगा डॉक्टर किंवा हिशेबनीस व्हायला हवा, आणि रस्त्यावरच्या टोळक्याला तो मुळात तिथे नकोच. बाहेर मार खाऊन घरी आलेल्या मुलाला घरातही आपल्या मनाचे बोलता येत नाही, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

ही गोष्ट सोपी नाही. किती अवघड आहे ते मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला सांगायला नको. समाज चहूबाजूंनी वेढलेला असताना समाजातले दोष बोलून दाखवायचे का? बोलावे तर शत्रू टाळ्या वाजवतो आणि आपले लोक गद्दार म्हणतात. न बोलावे तर घरातली मुलगी, घरातला मुलगा आतल्या आत कुढत राहतो. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला तेव्हापासून हा पेच आमच्यापुढे उभा आहे. दलवाईंचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. त्यांच्या टीकेचा कोणी कोणी वापर केला, तेही आम्ही पाहिले आहे. पण प्रश्न खोटा नव्हता. दक्षिण लंडनच्या या पोरांनी दलवाईंचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. त्यांनी त्या पेचावर एक साधी तोड काढली. दोन्ही गोष्टी एकाच दमात, एकाच तबकडीवर बोलायच्या. घराबद्दलचे ऐकायचे असेल तर रस्त्याबद्दलचेही ऐकावे लागेल. टाळ्या वाजवायला आलेल्या फ्रंटवाल्याला अर्धेच उचलून नेता येणार नाही.

ही तोड त्यांना किती साधली? पुरती नाही. बायकांच्या बाजूने त्यांच्यात कोणी बोलायला नव्हतेच, चौघेही पुरुष. अरेंज्ड मॅरेजचा जाच पोरांपेक्षा पोरींना जास्त असतो, ही बाजू त्या गाण्याबाहेरच राहिली. ती भरून निघायला चाळीस वर्षे लागली. त्याबद्दल पुढे.

१९८१ मध्ये बँड मोडला. त्याच वर्षी, ३ जुलैला, साउथॉलच्या एका दारूच्या गुत्त्यात डोकी भादरलेल्या पोरांच्या आवडीच्या तीन बँडचा कार्यक्रम होता. बसगाड्या भरभरून आलेल्या पोरांनी वाटेत आशियाई दुकानांच्या काचा फोडल्या. वस्तीतली पोरे जमली आणि रात्री तो गुत्ता जळून खाक झाला. पंकच्या पोटातून निघालेले दोन प्रवाह त्या रात्री आमनेसामने आले असे म्हणता येईल. एलियन कल्चरची पोरे मात्र तोवर आपापल्या वाटेने निघाली होती. पुढे ती बँकिंग, हिशेबतपासणी अशा पांढरपेशा व्यवसायांत स्थिरावली. म्हणजे अब्बांचे म्हणणे शेवटी खरे झालेच! यावर कोणी उपहास केला तर आम्हाला तो पटणार नाही. बंडखोराने जन्मभर उपाशी राहिले पाहिजे, हा हट्ट सहसा पोट भरलेल्यांचाच असतो.

त्यांच्यानंतर विलायतेत आशियाई पोरांचे बँड येतच राहिले. ब्रॅडफर्डचा अकी नवाझ 'सदर्न डेथ कल्ट'मध्ये ड्रम वाजवत होता, त्याने १९९१ मध्ये 'फन-दा-मेंटल' काढला. त्याच सुमारास तजिंदर सिंगचा 'कॉर्नरशॉप' आला. आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, या टोमण्याचेच त्याने नाव केले. शिवीची पाटी करण्याची तीच रीत. १९९८ मध्ये याच बँडचे एक गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले, आणि ते कोणावर होते? आमच्या सांगलीच्या आशा भोसल्यांवर! परकी संस्कृती म्हणून जिची भीती घातली गेली ती वीस वर्षांत विलायतेच्या प्रत्येक रेडिओवर वाजत होती.

यात एक बदल मात्र नोंदवायला हवा. १९८० च्या तबकडीवरचा शब्द 'एशियन' आहे. त्यात चग्गर येतो, अल्ताब अली येतो, आमचे मामू येतात. मुसलमान असणे त्या पोरांनी लपवले नाही आणि पुढेही केले नाही. पुढे १९८९ मध्ये ब्रॅडफर्डला पुस्तक जाळले गेले, १९९१ चे आखाती युद्ध झाले, २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, २००५ च्या जुलैत लंडनच्या भुयारी गाड्यांत स्फोट झाले. हळूहळू 'एशियन' हा शब्द फुटत गेला आणि शीख वेगळे, हिंदू वेगळे, मुसलमान वेगळे झाले. कधी स्वतःहून, कधी केले म्हणून. त्या एका शब्दाची उणीव आम्हाला फार जाणवते. ९२-९३ नंतरच्या मुंबईत राहिलेल्यांना ती अधिकच जाणवावी.

म्हणून अमेरिकेतल्या नव्या पोरांनी पंकला हात घातला तेव्हा ती मुसलमान म्हणूनच उभी राहिली. त्याची हकीगत मजेशीर आहे. मायकेल मुहम्मद नाइट या धर्मांतरित गोऱ्या तरुणाने 'द तक्वाकोर्स' नावाची कादंबरी लिहिली. तक्वा हा अरबी शब्द आणि हार्डकोर हा पंकचा एक प्रकार यांची ती जोडणी. बफेलो शहरातल्या एका घरात मुसलमान पंक पोरेपोरी राहतात, नमाज पढतात आणि रात्री धिंगाणा घालतात, अशी कथा. असे घर कुठेच नव्हते. नाइटने कादंबरीच्या झेरॉक्स प्रती वाटल्या, आणि वाचणाऱ्या पोरांनी ती खरी मानून तसे बँड काढले! कादंबरीतून चळवळ निघाल्याचे उदाहरण साहित्याच्या इतिहासात विरळाच असेल.

त्यांतला सर्वांत गाजलेला बँड बोस्टनजवळचा 'द कोमिनाज'. बासिम उस्मानी आणि शाहजहान खान यांनी तो २००५ मध्ये काढला. नाव म्हणजे आपला 'कमीना'. पुन्हा शिवीच! त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्यांत अर्जुन रे आणि कर्ण रे होते. अर्जुन आणि कर्ण एकाच बाजूने उभे राहिलेले पाहायला कुरुक्षेत्राऐवजी बोस्टनला जावे लागले. २००८ च्या त्यांच्या संग्रहाच्या नावात ग्वांटानामोचा तुरुंग आहे. तीही पोरे दोन्हीकडे बोलत होती, आणि त्यांना दोन्हीकडचे फटके बसले. २००७ मध्ये हे सारे बँड एका जुन्या, हिरव्या रंगवलेल्या शाळेच्या बसमधून अमेरिकाभर फिरले. शिकागोजवळ एका मोठ्या मुस्लिम संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी खुल्या मंचावर वाजवले. कॅनडाच्या 'सीक्रेट ट्रायल फाइव्ह' या बँडच्या मुली गायला लागताच, बायकांनी गायचे नाही म्हणून कार्यक्रम थांबवला गेला आणि पोलीस आले. बाहेर विमानतळावर झडती आणि आत मंचावर मनाई. २००९ मध्ये उमर मजीद यांनी काढलेल्या माहितीपटात हे प्रसंग आहेत.

आणि मुली गायल्याच. २०२१ मध्ये नीदा मंझूर या लेखिका-दिग्दर्शिकेची 'वी आर लेडी पार्ट्स' ही मालिका इंग्लंडच्या चॅनल फोरवर आली. लंडनमधल्या मुसलमान मुलींचा पंक बँड, कोणी हिजाबात, कोणी नकाबात, कोणी उघड्या डोक्याने. त्यांना स्थळेही पाहायची आहेत, पीएच.डी.ही करायची आहे आणि गिटारही वाजवायची आहे. मालिका विनोदी आहे. त्या मुली कोणाची सुटका व्हावी म्हणून रडत नाहीत, आणि समाजाचा खुलासाही देत बसत नाहीत. २०२४ मध्ये तिचा दुसरा भाग आला. चार पुरुषांच्या गाण्यात जी बाजू राहून गेली होती ती इथे मुलींनी स्वतः सांगितली.

ही मालिका आमच्या भाचीने आम्हाला दाखवली. ती आर्किटेक्चर शिकते आणि तिच्यासाठी सध्या स्थळे येताहेत. तिला आम्ही म्हटले की, याच्या चाळीस वर्षे आधीचे काहीतरी ऐक. आणि फोनवर 'एशियन यूथ' लावले. तिने एका दमात ऐकले. 'मामू, रेकॉर्डिंग फारच वाईट आहे,' म्हणाली. मग फोन आमच्या हातातून घेतला आणि दुसरी बाजू लावली.